गाडी लागते, तसा रोबोटही लागतो : व्हीआर खेळ, आपला कान आणि आपले डोळे



घाटातून जाताना एसटीत कुणाला गाडी लागली, तर आपण काय करतो? खिडकीजवळची जागा देतो, 'लांब बघ' म्हणतो, आल्याचा तुकडा नाहीतर लिंबू देतो. कुणी त्या मुलाला हसत नाही. पण तेच मूल मॉलच्या गेम झोनमध्ये डोळ्यांवर व्हीआरचा डबा चढवून महाकाय रोबोट चालवायला बसतं आणि दोन मिनिटांत पांढरंफटक पडतं, तेव्हा बरोबरची मुलं हसतात. 'एवढ्यात घाबरलास?' असं मोठी माणसंही म्हणून जातात. मग पुढच्या वेळी ते मूल मळमळ लपवतं, दात-ओठ खाऊन खेळत राहतं आणि घरी येऊन उलटी करतं.

या दोन्ही वेळी शरीरात घडतं ते जवळजवळ सारखंच असतं. ते नेमकं काय, रोबोटचे खेळ बनवणारे त्यावर कोणत्या युक्त्या करतात आणि आपण वर्गात व घरी यातून काय घेऊ शकतो, ते आज पाहू. हा खेळ तुम्ही कधी खेळला नसाल तरी हरकत नाही.

प्रथम खेळ समजून घेऊ

महाकाय रोबोटच्या पोटात बसून तो चालवायचा, ही कल्पना जपानची. १९५६ साली मित्सुतेरु योकोयामा यांच्या 'तेत्सुजिन २८' या चित्रकथेत एक मुलगा मोठा रोबोट चालवतो, पण बाहेर उभा राहून, हातातल्या रिमोटने. १९७२ मध्ये गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये मुलगा थेट रोबोटच्या डोक्यात जाऊन बसला. १९७९ साली 'गंडम' ही मालिका आली. तिच्यातला रोबोट १८ मीटर उंच, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढा. रिमोट गेला आणि खुर्ची आली. आपल्या विषयासाठी हा बदल महत्त्वाचा आहे.

खुर्चीत बसण्याची ही हौस खेळांतही उतरली. १९९० मध्ये अमेरिकेत शिकागोला 'बॅटलटेक सेंटर' सुरू झालं. तिथे प्रत्येकजण बंद केबिनमध्ये बसून आपला रोबोट चालवायचा आणि शेजारच्या केबिनमधल्या माणसाशी लढायचा. २००२ मध्ये कॅपकॉम कंपनीने 'स्टील बटालियन' हा खेळ काढला. त्याच्याबरोबर सुमारे ४० बटणं, दोन दांडे आणि तीन पेडल असलेलं भलंमोठं यंत्र मिळायचं. रोबोट फुटायच्या आत बाहेर उडी मारायचं बटण दाबलं नाही, तर खेळाडूची साठवलेली सगळी प्रगती पुसली जायची!

व्हीआर आलं आणि केबिन डोळ्यांवरच्या डब्यात मावली. या डब्याला हेडसेट म्हणतात. त्यात प्रत्येक डोळ्यासमोर वेगळं चित्र असतं, आणि डोकं वळवलं की चित्रही वळतं. या लेखात दोन खेळांची उदाहरणं घेतो.

एक, 'रिग्ज'. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्लेस्टेशनच्या व्हीआर हेडसेटबरोबरच तो बाजारात आला. तीन विरुद्ध तीन अशा संघांचा हा खेळ आहे. रोबोट धावतात, उड्या मारतात, एकमेकांवर गोळ्या झाडतात. एका प्रकारात पुरेशी शक्ती गोळा करून मैदानाच्या मधल्या उंच रिंगणातून उडी मारली की गुण मिळतो. नेम धरायचा तो डोक्याने, म्हणजे पाहाल तिकडे बंदूक. रोबोट फुटला की खेळाडू खुर्चीसकट आकाशात फेकला जातो आणि वरून मैदान पाहत पुन्हा कुठे उतरायचं ते निवडतो.

दोन, 'व्हॉक्स मॅकिनी'. हा कॅनडातल्या एका छोट्या स्टुडिओचा खेळ. इथले रोबोट जड आणि संथ. पायलट समोरचे दांडे हाताने धरून ओढतो, ढकलतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हा खेळ लवकर जमेल असं गमतीने म्हणता येईल.

कान आणि डोळे यांचं भांडण

आपल्या आंतरकर्णात ऐकण्याच्या यंत्रणेशेजारीच तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव क्षणभर मागे राहतो, त्यामुळे आतल्या केसांसारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला निरोप जातो: 'डोकं वळलं.' शेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांतल्या चुनखडीच्या बारीक कणांमुळे पुढेमागे, वरखाली होणारी हालचाल आणि डोक्याचा कल कळतो.

इथे एक बारकावा आहे. ही यंत्रणा वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजते. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या रेल्वेत डोळे मिटले तर गाडी चालली आहे की उभी, हे फक्त खडखडाटावरून कळतं. गाडी सुटताना आणि थांबताना मात्र बसणारा धक्का पोटात जाणवतो. सातवी-आठवीत त्वरण शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. त्वरण मोजणारं यंत्र प्रत्येक मुलाच्या कानात जन्मापासून बसवलेलं आहे!

आता एसटीचा घाट आठवा. मूल खाली मान घालून मोबाईल पाहतंय. डोळे सांगतात, 'सगळं स्थिर आहे.' कान सांगतो, 'आपण डावी-उजवीकडे हेलकावतोय.' दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, आणि मेंदू गोंधळतो.

व्हीआरमधल्या रोबोटमध्ये हेच उलटं होतं. डोळे सांगतात, 'आपण धावतोय, उडी मारली, खाली पडतोय.' कान सांगतो, 'छे, खुर्चीत बसलोय.' भांडण तेच, फक्त साक्षीदारांनी बाजू बदललेल्या. संवेदनांच्या या विसंवादाची मांडणी जेम्स रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ मधल्या पुस्तकात केली, आणि आजही गाडी लागण्याचं हेच स्पष्टीकरण सर्वांत जास्त मानलं जातं.

पण गोंधळ झाला तर उलटी कशाला? १९७७ मध्ये मिशेल ट्राइझमन या शास्त्रज्ञाने एक तर्क मांडला. माणूस हजारो पिढ्या रानावनात राहिला. तिथे डोळे आणि कान यांचा मेळ अचानक बिघडण्याचं एक मोठं कारण म्हणजे काहीतरी विषारी खाण्यात येणं. आपल्याकडे धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या माणसाला भलतंसलतं दिसू लागतं, ते सर्वांना माहीत आहे. तेव्हा मेळ बिघडला की मेंदू समजतो, 'विष गेलंय पोटात, आधी बाहेर काढा!' हा तर्क आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे. तरी मुलांना तो सांगण्याजोगा आहे. मळमळणारं मूल भित्रं नसतं. त्याच्या शरीराचा पहारेकरी जागा असतो.

खुर्चीची युक्ती

आता खेळ बनवणाऱ्यांकडे वळू. त्यांच्यापुढचा प्रश्न असा: खेळाडूला पळवायचं तर आहे, पण कान-डोळ्यांचं भांडण कमीत कमी ठेवायचं. महाकाय रोबोटचे खेळ व्हीआरमध्ये इतके शोभतात, त्याचं मुख्य कारण इथे आहे.

१. स्थिर चौकट. रोबोटच्या केबिनमध्ये खेळाडूभोवती काच, दांडे, पट्ट्या, घड्याळं असतात. बाहेरचं जग कितीही धावलं तरी ही चौकट खेळाडूच्या मानाने जागची हलत नाही. नजरेचा मोठा भाग 'स्थिर' म्हणतो आणि कानाशी त्याचा मेळ बसतो. अशी स्थिर वस्तू किती लहान असली तरी चालेल? २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रात चक्क एक नाक दाखवलं, आपलं आपल्याला खाली पुसटसं दिसतं तसं. त्यानेही त्रास कमी झाला.

२. बसलेला देह. खेळात पायलट खुर्चीत बसलेला, आणि घरात मूलही खुर्चीत बसलेलं. तलवारीच्या खेळात खेळाडू चालतो पण त्याचे पाय चालत नाहीत. इथे चालतो तो रोबोट. त्यामुळे मेंदूला ही गोष्ट पटते. रिमोट जाऊन खुर्ची आली, तो बदल व्हीआरला असा फळला.

३. चालवणारा मी. घाटात ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी कळतं. मेंदू तयारीत असतो. स्वतः दांडा ओढणाऱ्या पायलटचंही तसंच. यातून पालकांसाठी एक सोपा नियम निघतो: हेडसेट एकाच्या डोळ्यांवर आणि खेळ चालवायचं बटण दुसऱ्याच्या हातात, असं कधीही होऊ देऊ नका. तो मुलाला मागच्या सीटवर बसवून घाट चढण्याचा प्रकार आहे.

४. कडा झाकणं. वेगाची जाणीव नजरेच्या कडांमधून जास्त होते. म्हणून काही खेळांत धावताना चित्राच्या कडा हळूच काळ्या होतात. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की हे बेताने केलं तर त्रास कमी होतो आणि अनेकांच्या ते लक्षातही येत नाही.

५. तुकड्यांनी वळणं. सावकाश गोल फिरण्याने चक्कर येते. म्हणून काही खेळांत रोबोट एकदम ३० अंशात झटक्याने वळवण्याची सोय असते. मधली हालचाल दिसतच नाही, मग भांडायला कारण कुठे उरलं?

एवढं करूनही 'रिग्ज'मध्ये अनेकांना मळमळलंच. उड्या, झटपट दिशा बदलणं आणि आकाशात फेकलं जाणं, हे कोणत्याही चौकटीत पूर्ण मावत नाही. 'व्हॉक्स मॅकिनी'ची संथ चाल त्या मानाने पुष्कळांना सोसते. म्हणजे 'व्हीआर बाधतं का?' हा प्रश्न फार ढोबळ झाला. कोणता खेळ, किती वेगाचा, कोण चालवतंय, असं विचारायला हवं.

मोठेपणा कशाने जाणवतो?

टीव्हीवरचा रोबोट फक्त 'मोठा' असतो. व्हीआरमध्ये मात्र आपण उंचावर बसलोय हे पोटात जाणवतं. हे कसं घडतं?

मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. दोन डोळे दोन किंचित वेगळी चित्रं पाहतात, त्यांच्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. आता समजा, १८ मीटर उंच रोबोट, म्हणजे माणसाच्या दहापट. त्याच्या डोळ्यांतलं अंतरही दहापट, ६३ सेंटिमीटर धरून चित्रं दाखवली, तर काय होईल? समोरचं शहर दिवाळीच्या किल्ल्याएवढं दिसेल! गाड्या खेळण्यातल्या वाटतील आणि आपण रोबोट आहोत असं वाटण्याऐवजी जगच चिमुकलं वाटेल. म्हणून खेळ बनवणारे डोळ्यांतलं अंतर माणसाचंच ठेवतात आणि माणूस लहानच राहू देतात. हाताजवळ माणसाच्या मापाचा दांडा, खाली दूरवर जमीन. या दोन्हींच्या तुलनेतून रोबोटचा मोठेपणा जाणवतो.

इथेच गणिताचा एक सुंदर धडा दडलेला आहे. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात तो मांडला. वस्तूची उंची दहापट केली, तर तिचं वजन हजारपट होतं, पण पायाचं क्षेत्रफळ शंभरपटच. म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. मुलांना सांगा, 'अंगावर तुझ्याच वजनाची नऊ माणसं घेऊन धावून बघ!' संथ, जड रोबोट आपल्याला खरा का वाटतो, ते आता कळेल. आणि उड्या मारणारा रोबोट कागदावर आणि पडद्यावरच का असतो, तेही.

वर्गात करून पाहण्यासारखं

हेडसेट नसला तरी हे चारही प्रयोग होतात.

प्रयोग १ : वाडग्यात पाणी घ्या, वर थोडी चहापूड टाका. वाडगा हाताने हळू गोल फिरवा. सुरुवातीला पूड मागे राहते, मग पाण्याबरोबर फिरू लागते. वाडगा थांबवा, पूड फिरतच राहते. गोल गोल फिरून थांबल्यावर खोली का फिरते, याचं उत्तर मुलं आपणहून देतील. वाडगा म्हणजे नलिका, पाणी म्हणजे आतला द्रव.

प्रयोग २ : एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. किती सेकंद टिकलो ते जोडीदाराने मोजायचं. तोल सांभाळण्यात डोळ्यांचा वाटा किती, ते वहीत लिहायचं. जोडीदाराने हात धरायला तयार असावं.

प्रयोग ३ : अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या फळ्याच्या मानाने केवढा सरकतो! आता हात लांब करून तेच करा. सरकणं कमी झालं. दूरच्या वस्तूचं अंतर सांगायला दोन डोळे कमी पडतात, हे इथे कळतं.

प्रयोग ४ : सारखे ठोकळे घ्या, फासे किंवा साखरेचे चौकोनी तुकडे चालतील. एका ठोकळ्याच्या दुप्पट उंचीचा घन बनवा. आठ लागतील, पण खालच्या थरात चारच. मग तिप्पट उंचीचा: सत्तावीस आणि नऊ. पुढचं कोष्टक मुलांना भरू द्या.

घरी काय पाळावं?

* वय पाहा. प्लेस्टेशन व्हीआरची सूचना १२ वर्षांखालील मुलांनी वापरू नये अशी होती. मेटा कंपनीची मर्यादा १३ होती. २०२३ मध्ये तिने पालकांच्या ताब्यातल्या खात्यांसाठी ती १० वर आणली.

* लहान मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर कमी असतं. हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर बदलता येतं का ते बघा. 'क्वेस्ट २'मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्पे आहेत. मुलाचं माप त्याहून लहान असेल तर चित्र नीट जुळत नाही, डोळे ताणले जातात.

* पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं पुरे. बसून खेळू द्या, पंखा चालू ठेवा, नुकतंच जेवण झालेलं नसावं.

* जांभया, तोंडाला पाणी सुटणं, घाम, चेहरा उतरणं ही पहिली लक्षणं. ती दिसली की लगेच हेडसेट काढायचा. 'ही फेरी संपू दे' नको. रेटून खेळलं की सवय होते, हा गैरसमज आहे. सवय होते ती थोडं खेळून, बरं वाटत असतानाच थांबून.

* खेळ संपल्यावर तोल पूर्ववत होईपर्यंत सायकल नको, जिन्यावर धावपळ नको.

* फिट्स येण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट देऊ नये.

* मुलाला दिसतं ते टीव्हीवर किंवा मोबाईलवर दाखवण्याची सोय बहुतेक हेडसेटमध्ये असते. ती चालू ठेवा. अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय असेल तर ती बंद करा, किंवा शेजारी बसा.

आणि गोळीबाराचं काय, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. रोबोटच्या खेळात बहुतेक वेळा यंत्र फुटतं, 'रिग्ज'मध्ये तर हरलेला पायलट जिवंत बाहेर पडतो. तरी व्हीआरमध्ये सगळं अंगावर येतं. टीव्हीवर जे मूल सहज पाहतं, त्याला तेच इथे भीती दाखवू शकतं. म्हणून खेळाच्या वेष्टनावरचं वय वाचाच, पण आधी दहा मिनिटं स्वतः खेळून बघा. अंगावर किती येतं, हे वेष्टनावर लिहिलेलं नसतं.

मुलांना विचारायचे प्रश्न

आपण घरी विचारतो, 'किती वेळ खेळलास?' 'जिंकलास का?' त्याऐवजी हे विचारून बघा:

१. खेळताना तुझं शरीर काय सांगत होतं? कुठे जाणवलं, पोटात, डोक्यात, डोळ्यांत?

२. कोणत्या क्षणी जास्त जाणवलं, धावताना, वळताना की पडताना? का बरं?

३. तू खेळ बनवणारा असतास, तर मित्राला त्रास होऊ नये म्हणून काय बदललं असतंस?

४. मित्राला मळमळलं आणि बाकीचे हसले, तर तू काय सांगशील?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ज्या वर्गात मुलं न अडखळता देतील, त्या वर्गात आंतरकर्णाचा धडा नीट पोचला असं समजायला हरकत नाही. लाखो रुपयांची यंत्रं बनवणारी माणसं आपल्या कानातल्या थेंबभर द्रवाचा मान ठेवून खेळ रचतात. मग 'मला कसंतरी होतंय, मी थांबतो' म्हणणाऱ्या मुलाचा मान आपणही ठेवूया. एसटीत ठेवतो, तसाच.

तुमच्या वर्गात चहापुडीचा प्रयोग केलात, तर मुलांची उत्तरं जरूर लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती वाचून दाखवता येतील.